वेटिंग ४१

लिस्ट रात्री साडेदहाला लागली. लागणार होती दुपारी चारला, मग सहा म्हणाले, मग साइटच उघडेना, तोपर्यंत जेवणं तशीच झाकून ठेवलेली आणि कुणाला भूकही राहिली नव्हती. लेकीच्या हातात मोबाईल, माझ्या हातात तिचा ॲप्लिकेशन नंबर लिहिलेली चिठ्ठी, तो नंबर तिला तोंडपाठ होता तरी मी चिठ्ठी धरून बसले होते. पीडीएफ उघडली. पहिली चार पानं सिलेक्टेडची, त्यात नाव नाही. पाचव्या पानावर वरती वेटिंग लिस्ट असं ठळक लिहिलेलं, आणि बोटानं खाली खाली सरकवत गेल्यावर तिचं नाव आलं. वेटिंग ४१.

पुण्यातलं कॉलेज, बी.एस्सी., दहावीपासून पोरीच्या डोक्यात तेच. तिनं मोबाईल टेबलावर पालथा ठेवला आणि म्हणाली, "आई, भात गरम कर." बस. रडली असती तर मला काय करायचं ते कळलं असतं.

दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू झाले. नंबर लागला असता तर पेढे वाटले असते, नसता लागला तर चार जणांनी "जाऊ दे गं, सांगलीत काय कमी आहे" म्हटलं असतं आणि विषय संपला असता. पण वेटिंगला काय बोलायचं हे कुणालाच माहीत नसतं. सासूबाई तीनदा विचारून गेल्या, "म्हणजे लागला का नाही लागला?" आणि तीनही वेळा मी वेगवेगळं उत्तर दिलं. पोर मात्र तिची ती काय समजायचं ते समजून बसली होती. तिच्या मते ४१ म्हणजे तिच्यात ४१ कमी होतं.

मी सांगलीत पतसंस्थेत काउंटरला असते. वीस वर्षं झाली. मे संपला की आमच्याकडे सोनेतारणाची रांग लागते ती बरीचशी फीसाठी, त्यामुळे ॲडमिशनचा सीझन मी दरवर्षी बघते, पण काचेच्या अलीकडून. यंदा पहिल्यांदा पलीकडे उभी राहिले. आणि या दीड महिन्यात जे कळलं, जे आधी कळायला पाहिजे होतं, ते लिहून ठेवतेय. कुणाच्या घरात आत्ता असा नंबर लागून बसलेला असेल तर त्यांच्यासाठी.

सांगलीच्या माणसाला वेटिंग लिस्ट समजावून सांगायची तर कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची आठवण करून द्यावी. जुलै-ऑगस्टमध्ये आपण सगळे एकच आकडा बघत असतो. आयर्विनला पाणी किती? ४० फूट इशारा, ४५ फूट धोका, शेंबडं पोरगंसुद्धा सांगेल. २०१९ ला ५७ फुटांच्या वर गेलं होतं ते ज्यांनी बघितलं त्यांना आजही रात्री पाऊस वाढला की झोप लागत नाही. पण आयर्विनचा आकडा नुसता बघून काय उपयोग नसतो, हे पण आपल्याला माहितीय. आपण काय विचारतो? कोयनेतून विसर्ग किती सोडलाय? दरवाजे किती फुटांवर आहेत? वारणेला किती पाणी आहे? खाली अलमट्टीतून किती सोडतायत? इथला आकडा हलतो तो तिकडं वर नाहीतर खाली काहीतरी झालं म्हणून. इथं पाऊस नसला तरी पाणी चढतं, आणि इथं धो धो कोसळला तरी कधी कधी इंचभर हलत नाही.

वेटिंगचं डिट्टो तसंच आहे. ४१ हा आकडा माझ्या पोरीचा नाहीच. तिच्या वर जी ४० पोरं आहेत आणि त्यांच्या वर जी सिलेक्टेड आहेत, ती सगळी अजून कुठं कुठं फॉर्म भरून बसलीत, त्यावर तो आकडा अवलंबून. बी.एस्सी.च्या यादीतला अर्धा वर्ग इंजिनिअरिंगची सीईटी दिलेला असतो, बरेच जण मेडिकलची नीट दिलेले असतात, कुणी ॲग्रीचं बघत असतं, कुणी आयसर, म्हणजे केंद्राची विज्ञानाची संस्था. सगळ्यांनी बी.एस्सी.ची सीट "हाताशी असू दे" म्हणून धरलेली. मग इंजिनिअरिंगच्या कॅपचा, म्हणजे सरकारच्या एकत्र प्रवेशाचा, पहिला राउंड लागतो, तो म्हणजे कोयनेचे दरवाजे उघडल्यासारखं. चार-पाच दिवसांनी इकडं वेटिंग धडाधड सरकतं. मग परत शांत. मग दुसरा राउंड. मेडिकलचं तर त्याहून उशिरा चालतं, तोपर्यंत कॉलेजची पहिली चाचणी पण होऊन गेलेली असते.

आमचं पण तसंच झालं. ४१ चे ३३ झाले आणि मग बारा दिवस ३३ म्हणजे ३३. लेक दर तासाला साइट उघडायची. मी तिला म्हटलं, अगं पाऊस कुठं पडतोय ते बघ, आयर्विनकडं काय बघतेस. मग आम्ही कॅपचं वेळापत्रक फ्रिजवर चिकटवलं, अलॉटमेंट कधी, सीट ॲक्सेप्ट करायची शेवटची तारीख कधी, आणि ठरवलं की त्या तारखांच्या मधल्या दिवसांत साइट उघडायचीच नाही. तिला दोन दिवस जड गेलं. तिसऱ्या दिवशी ती मैत्रिणीबरोबर गणपती मंदिराकडं जाऊन भेळ खाऊन आली, पंधरवड्यात पहिल्यांदा.

कॉलेजला एक फोन मात्र लगेच करावा. मेल नाही, फोन, किंवा कुणी ओळखीचं त्या गावात असेल तर प्रत्यक्ष. आणि "आमचं होईल का हो?" असं विचारायचं नाही, त्याला तो क्लार्क तरी काय उत्तर देणार. विचारायचं ते हे: मागच्या वर्षी या कोर्सला, या कॅटेगरीत, वेटिंग कितीपर्यंत गेलं होतं? कॅटेगरीचं विसरू नका, कारण ओपनची लिस्ट वेगळी सरकते, ओबीसीची वेगळी, ईडब्ल्यूएसची वेगळी, शेजारणीच्या पोराचा ६० वरून लागला म्हणून आपला ४१ वरून लागेल असा हिशोब होत नाही. आणि दुसरं विचारायचं, नंबर आला तर कळवणार कसं आणि किती वेळ देणार? मेल की मेसेज की फक्त साइटवर यादी? २४ तास की तीन दिवस? आणि काही ठिकाणी वेटिंगमध्ये राहायचंय असं आपण परत जाऊन क्लिक करून सांगावं लागतं, नाही सांगितलं तर नाव गळतं, म्हणून ते मेल शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचं.

या दुसऱ्या प्रश्नाचं माझ्याकडं कारण आहे.

१९९५ ला मी बारावी झाले, तासगाव तालुक्यातल्या एका खेड्यात. मला डी.एड. करायचं होतं. तेव्हा आमच्याकडं हुशार मुलगी म्हणजे डी.एड., दोन वर्षांत मास्तरीण. मी एका कॉलेजच्या वेटिंगला होते, नंबर ९. अप्पा दोनदा जाऊन बोर्ड बघून आले, जाळीच्या मागं लावलेला कागद, आणि तिसऱ्यांदा द्राक्षबागेच्या खरड छाटणीनंतरची कामं निघाली म्हणून जाणं झालं नाही. एका सोमवारी पोस्टमननं कार्ड टाकलं. अजून आहे माझ्याकडं. पिवळसर कार्ड, सायक्लोस्टाइल केलेला मजकूर, गाळलेल्या जागा निळ्या शाईनं भरलेल्या, माझ्या आडनावात एक काना जास्तीचा. "आपली प्रतीक्षा यादीतून निवड झाली असून दि. ___ रोजी दुपारी २ पर्यंत मूळ कागदपत्रांसह हजर राहावे, अन्यथा आपला हक्क राहणार नाही." निळ्या शाईतली तारीख शनिवारची होती. टाकलेलं बुधवारी, पोचलं सोमवारी. अप्पा तसेच अंगावरच्या कपड्यांवर मला घेऊन गेले. तिथल्या बाईंनी रजिस्टर उघडून दाखवलं, १० नंबरच्या मुलीची सही झालेली होती. चिडायचं कुणावर? ती मुलगी शनिवारी वेळेत आली होती. येताना अप्पा एसटीत काहीच बोलले नाहीत, फक्त विट्याच्या स्टँडवर उतरून मला उसाचा रस घेऊन आले.

मी बी.कॉम. झाले, पुढचं सगळं झालं, चांगलं झालं. पण ९ नंबर मला लागला होता, आणि तो कार्डावर येऊन मग गेला, हे मी कधी विसरले नाही.

आता कार्ड नाही, सगळं मोबाईलवर येतं, म्हणून माणसं निर्धास्त असतात. पण स्पॅममध्ये गेलेलं मेल म्हणजे तेच सोमवारचं कार्ड. फॉर्म नेट कॅफेत भरलेला असतो, मेल आयडी कॅफेवाल्याचाच दिलेला असतो, मोबाईल नंबर वडिलांचा, वडील दिवसभर रेंज नसलेल्या शेतात. पोरीच्या फॉर्मवर आम्ही तिचा, माझा, आणि मिस्टरांचा असे जिथं जिथं रकाना होता तिथं सगळे नंबर टाकले आणि स्पॅम फोल्डर रोज सकाळ-संध्याकाळ बघायची ड्युटी मी माझ्याकडं घेतली.

आणि फाइल. ओरिजिनल कागदांची फाइल तयार पाहिजे, कारण नंबर आला की धावायला वेळ एक-दोन दिवसांचा असतो आणि सेतूत दाखला काढायला वेळ त्याच्या चौपट. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, लागू असेल त्यांना नॉन क्रीमी लेयर, जात पडताळणी, मायग्रेशन, गॅप असेल तर ॲफिडेव्हिट. आमच्या गल्लीतल्या एका मुलाचं गेल्या वर्षी नॉन क्रीमी लेयरची मुदत संपल्यामुळं हातातलं गेलं, मार्क भरपूर होते. ही कामं आत्ताच्या रिकाम्या दिवसांत करून ठेवावीत. पोरांच्या हाताला पण काम लागतं, नुसतं बसून नंबर मोजण्यापेक्षा तहसील ऑफिसच्या रांगेत उभं राहिलेलं बरं, खरंच सांगते.

मधल्या काळात मिस्टरांना एक फोन आला. गोड बोलणारा माणूस, आमच्या पोरीचं नाव माहीत, वेटिंगचा नंबर पण माहीत. म्हणाला, वेटिंग क्लिअर करून देतो, डोनेशनचं बघून घेऊ, आधी थोडं टोकन पाठवा. मिस्टरांचा जीव एका मिनिटासाठी तिकडं गेला, मी बघत होते त्यांच्याकडं, बापाचा जीव आहे. याद्या साइटवर उघड्या असतात, नाव आणि नंबर कुणालाही दिसतो, त्यात त्या माणसाची काही पोच नव्हती. कॅपिटेशन फी घेण्याविरुद्ध महाराष्ट्रात १९८७ पासून कायदा आहे. तो फोन ठेवला आणि नंबर ब्लॉक केला. काउंटरवर बसून मी बघितलंय, असल्या टोकनसाठी बायकांनी पाटल्या आणून ठेवल्यात. कृपा करून नका देऊ.

साताऱ्याला माझी नणंद असते, तिचा मुलगा यंदा अमेरिकेतल्या एका कॉलेजच्या वेटलिस्टवर होता, त्यामुळं तिकडचं पण थोडं कळलं आणि ते आपल्यापेक्षा बरंच वेगळं आहे. तिकडं बऱ्याच कॉलेजांत वेटिंगला नंबरच नसतो. तुम्ही यादीत आहात, एवढंच. १ मे पर्यंत ज्यांना ॲडमिशन मिळालंय त्यांनी कुठलं तरी एक कॉलेज पक्कं करून डिपॉझिट भरायचं असतं, आणि ते झाल्यावर किती जागा उरल्या ते बघून कॉलेज वेटलिस्टकडं वळतं, मे-जूनमध्ये, कधी त्याहून उशिरा. तिथं पोरं कॉलेजला पत्र लिहितात, मला अजून यायचंय म्हणून. भाच्यानं पहिल्यांदा तीन पानी लिहिलं, त्याच्या शाळेच्या बाईंनी त्याला एका पानावर आणायला लावलं: डिसेंबरनंतर नवीन काय केलं, मार्क काय आले, आणि जागा दिली तर नक्की येईन हे वाक्य, पण खरंच जाणार असशील तरच. नणंदेनं त्याला दुसरं एक कॉलेज मिळालेलं होतं तिथं डिपॉझिट भरून टाकलं, जे परत मिळत नाही, आणि त्यावरून घरात दोन दिवस चर्चा झाली. मला तिचं बरोबर वाटलं. वेटलिस्टवरून घेतलेल्या मुलांना स्कॉलरशिपचे पैसे उरलेले असतीलच असं नसतं, मग नाव येऊन पण जाता येत नाही. भाचा आता ज्या कॉलेजला डिपॉझिट भरलं तिथंच जातोय, साताऱ्यात पोवई नाक्यावरनं मोठी सुटकेस घेतली परवा.

आपल्याकडं पत्र लिहून काही होत नाही, मेरिट ते मेरिट, आणि मला ते बरं वाटतं. पण हातातली एक जागा पक्की करणं आणि तिथं मनापासून जाणं, हे दोन्हीकडं सारखंच. पोरीला विलिंग्डनला बी.एस्सी.ला मिळालेलं होतं. १९१९ सालचं कॉलेज, आमच्या घरापासून सायकलवर वीस मिनिटं, सांगलीतल्या कितीतरी घरांत तीन-तीन पिढ्या तिथं शिकलेल्या. तरी पहिला आठवडा ती गेली नाही. "पुण्याचं झालं तर हे सगळं वायाच." मी काही बोलले नाही, मिस्टर बोलले. म्हणाले, "तिथं पण कॅल्क्युलस हाच आहे ना?" दुसऱ्या दिवशी ती गेली. मागं बसली. दहा दिवसांनी पुढं बसायला लागली कारण फिजिक्सच्या सरांचं मागं ऐकू येत नव्हतं. एके दिवशी जेवताना त्या सरांनी पेंडुलमचं काहीतरी सांगितलेलं ती मला हातवारे करून समजावत होती, चमचा दोऱ्याला बांधून, आणि त्या अर्ध्या तासात पुण्याचा विषय निघाला नाही.

आता जे सांगायला खरं म्हणजे हे सगळं लिहायला घेतलं ते.

आमच्याकडं अजून एक सीट होती. कोल्हापूरच्या एका कॉलेजात जूनमध्ये पहिल्या यादीत नाव आलं होतं, तेव्हा विलिंग्डनचं पण नक्की नव्हतं, म्हणून मी फी भरून टाकली, हाताशी असू दे. मग विलिंग्डन झालं, पुण्याचं वेटिंग आलं, आणि कोल्हापूरचं आम्ही विसरलो. म्हणजे मी विसरले नव्हते, पैसे अडकलेत हे डोक्यात होतं, पण जाऊ सावकाश, रजा मिळाली की, पाऊस कमी झाला की. तिथं जाणार नाही हे तर तीन आठवडे आधीच ठरलेलं.

शेजारच्या मुलाचं इंजिनिअरिंगचं चाललेलं, तो एका संध्याकाळी कॅपचं सांगत होता. पहिल्या राउंडला पहिली पसंती मिळाली तर सीट ऑटो फ्रीझ, पुढं जाता येत नाही. खालची पसंती मिळाली तर ती धरून पुढच्या राउंडला जायचं, आणि वरची मिळाली की आधीची आपोआप सुटते. (त्याच्या आईला मी एवढंच सांगितलं की शेवटी इन्स्टिट्यूट लेव्हलला, म्हणजे कॉलेज स्वतः भरतं त्या जागेवर, मोठं कॉलेज मिळतंय म्हणून कॅपची सीट सोडायच्या आधी स्कॉलरशिपचं विचार, शाहू महाराज शिष्यवृत्ती कॅपमधून आलेल्यांनाच असते, फीत फार फरक पडतो.) तर तो "आपोआप सुटते" म्हणाला आणि लेक एकदम म्हणाली, "आई, आपली कोल्हापूरची कोण सोडणार?"

कॅपमध्ये कॉम्प्युटर सोडतो. बी.एस्सी.ला, बी.ए.ला, बी.कॉम.ला असं कुणी नाही. पुण्याच्या कॉलेजला माहीत नसतं की मुलीनं सांगलीत फी भरलीय, सांगलीच्या कॉलेजला माहीत नसतं की कोल्हापुरात भरलीय. प्रत्येक कॉलेजच्या रजिस्टरमध्ये ती सीट भरलेली दिसते, वर्गात बाक मोकळा असतो, आणि बाहेर वेटिंगला एक पोर बसलेलं असतं. पुण्याच्या यादीत वरच्या ज्या पोरांकडं मी महिनाभर डोळे लावून बसले होते, त्यातल्या कितीतरी घरांत माझ्यासारखीच एक आई "जाऊ सावकाश" म्हणत असणार.

गुरुवारी हाफ डे टाकून दोघी कोल्हापूरला गेलो. खिडकीवर कॅन्सलेशन म्हटल्यावर क्लार्कनं मान वर करून बघितलं. साठीला टेकलेला माणूस, चष्म्याला दोरी. "मॅडम, असं कोण येत नाही हो. आम्हीच फोन करतो, तर लोकं उचलत नाहीत." मला वाटलं होतं कटकट होईल. काही नाही झाली. एक अर्ज, पावती, पासबुकाची झेरॉक्स. ओरिजिनल दाखला त्यांनी फाइलमधून काढून तिथंच दिला. बऱ्याच पालकांना भीती असते की कागद अडकवतील, पैसे बुडतील, म्हणून ते जातच नाहीत. यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, २०१८ लाच सांगितलंय की कॉलेजला मूळ कागदपत्रं ठेवून घेता येत नाहीत, आणि फी परत करायचे पण नियम आहेत, २०२४-२५ ला तर ३० सप्टेंबरपर्यंत कॅन्सल केलं तर पूर्ण फी परत आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत जास्तीत जास्त १००० रुपये कापून, असं होतं. आपल्या वर्षाची तारीख यूजीसीच्या साइटवर बघायची आणि त्याची प्रिंट सोबत न्यायची. पैसे यायला वेळ लागतो हे खरं, सोनेतारण करून फी भरली असेल तर व्याज तोपर्यंत चालूच राहतं, म्हणून तर अजून लवकर जायचं.

शिक्का मारला आणि त्यांनी लगेच दुसरं रजिस्टर ओढलं. बोट खाली आणत एका नावावर थांबले, आणि आमच्यासमोरच लँडलाइनवरून नंबर फिरवला. उचलला नाही. दुसरा नंबर होता, तो फिरवला. आम्ही निघायला पाहिजे होतं पण लेक खिडकीपाशी तशीच उभी राहिली आणि मी पण.

"हां, हॅलो. वडील बोलताय का? ... कॉलेजमधनं बोलतोय, कोल्हापूर. मुलीचं नाव आलंय तुमच्या. ... आलंय, आलंय. उद्या बारापर्यंत यायचं, ओरिजिनल घेऊन. ... नाही, उद्या. परवा चालणार नाही, पुढच्याला द्यावं लागंल मला. ... हो. हो, खरंच आलंय. ... अहो खरंच आलंय, या तुम्ही."

फोन ठेवून ते आम्हालाच म्हणाले, "चंदगडकडचे आहेत. पहिले पंधरा दिवस रोज सकाळी फोन करायचे, आलं का आलं का. आठवडाभर बंद केला होता."

बाहेर आलो. लेक पायऱ्यांवर थांबून म्हणाली, "तीन आठवडे झाले ना आई, आपलं ठरून." मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार. तीन आठवड्यांपूर्वी आलो असतो तर त्या मुलीनं तीन आठवड्यांपूर्वीच वही घेतली असती.

परतीच्या एसटीत अंकलीच्या पुलावर गाडी हळू झाली, सगळे खिडकीकडं झुकले, पाणी बघायला. बरंच उतरलं होतं, कडेच्या झाडांना गाळाची रेघ दिसत होती. लेकीनं मोबाईल काढला, मला वाटलं पुण्याची साइट उघडतेय, तर ती तिच्या दोन मैत्रिणींना मेसेज टाकत होती. एकीची मिरजेत सीट आहे आणि ती जाणार इस्लामपूरला, दुसरीची आपली इथंच दोन कॉलेजात. उद्याच जाऊन कॅन्सल करा, असं लिहीत होती, मोठ्या अक्षरात, तीन तीनदा.

आमचा पुण्याचा नंबर हे लिहिताना ९ आहे. तीस वर्षांपूर्वीचाच आकडा, आणि मी तो बघून थोडा वेळ गॅलरीत जाऊन उभी राहिले. कॅपचा अजून एक राउंड बाकी आहे. येईल किंवा नाही येईल, उद्या तिचं विलिंग्डनला केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल आहे आणि एप्रन वाळत घातलाय पंख्याखाली.

त्या शुक्रवारी मी काउंटरवर होते. सकाळपासून लक्ष लागत नव्हतं. चंदगडहून पहिली एसटी किती वाजता, रस्त्यात घाट, पावसानं झाड पडलेलं असलं तर, वडिलांना सगळे दाखले सापडले असतील का रात्रीत. बारा वाजून दहा मिनिटांनी राहवेना, पावतीवरचा नंबर बघून कॉलेजला फोन लावला. आवाज ओळखला मी. म्हटलं, "काल कॅन्सल करून गेले ती सांगलीची मी. त्या आल्या का हो, चंदगडच्या?"

"आल्यात की. साडेदहालाच आल्यात. समोर बसून फॉर्म भरतीय पोरगी. देऊ का?"

"नको नको," म्हटलं, "भरू दे." फोन ठेवला आणि काचेतून आत आलेलं पासबुक घेतलं.